सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

आईवडिलांना वृद्धापकाळी सांभाळावे, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळालेली असते आणि तिच्याविषयी कोणी वाद घालत नाही. प्रश्न निर्माण होतात ते त्यापुढे. हा सांभाळ नेमका कोणी करायचा? तो करणारे माणूस भाराने वाकू लागले, तर त्याच्याविषयी इतरांचे काही कर्तव्य असते की नाही? स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरांत हे प्रश्न रोज उभे राहतात. रत्नागिरी जिल्ह्यात ते अधिकच तीव्रतेने उभे राहत असावेत, असे आम्हांस वाटते.

त्याचे कारण जनगणनेच्या आकड्यांतच आहे. २००१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच वर्षी दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ११२२ होती. या आकड्यांचा अर्थ कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कर्ती माणसे मुंबईला जातात. घर राखायला मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याबरोबर एखादी सून, अविवाहित लेक, नाहीतर स्वतःच सत्तरी गाठलेली पत्नी. ज्या आजारात चोवीस तास लक्ष ठेवावे लागते, तो आजार अशा घरी येतो तेव्हा सारा भार एकाच व्यक्तीच्या खांद्यावर पडतो.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण या आजाराला फार काळ हसण्यावारी नेले. परंतु हा म्हातारचळ नव्हे. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या विकारांचा हा परिणाम आहे. अल्झायमर हा त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा विकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात. हे प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात अधिक आढळले. थायरॉइडची उणीव किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही कधीकधी अशीच लक्षणे दिसतात आणि ती उपचाराने सुधारू शकतात. म्हणून तपासणी टाळू नये. पण रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटले की आपल्या मनात ‘वेड’ हाच शब्द येतो. आईला तिथे नेले तर लोक काय म्हणतील, या भीतीने मानसोपचारतज्ज्ञाची भेट लांबत जाते.

या आजारातील शुश्रूषा इतर शुश्रूषेहून वेगळी असते. ताप उतरतो, मोडलेले हाड सांधते. येथे मात्र सेवेला यश येताना दिसत नाही. आज भरवले, उद्याही भरवायचे, आणि परवा रुग्ण घास गिळायलाच विसरणार. तिन्हीसांजा झाल्या की सासूबाई माहेरी जायला निघतात. ज्या माहेरी जायचे तिथले सर्वजण कधीच निवर्तलेले असतात. आवाराला गडगा असतो, पण बेड्याला कुलूप नसते. मागीलदारी विहीर असते. सून रात्रभर जागी राहते. सकाळी त्याच सासूबाई शेजारणीला सांगतात, ‘हिने मला दोन दिवस जेवायला दिले नाही, माझ्या पाटल्याही चोरल्या.’ हे बोल आजाराचे असतात, हे डॉक्टर जाणतो. वाडीतल्या लोकांना ते ठाऊक नसते.

गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईची मंडळी येतात, तेव्हा आणखी एक प्रकार घडतो. नव्या माणसांसमोर रुग्ण काही काळ सावरून बसतो, हसून बोलतो, जुन्या आठवणी अचूक सांगतो. मुलगा वहिनीला म्हणतो, ‘आई तर छान आहे, तुम्ही उगीच घाबरवता.’ चार दिवसांनी तो गाडीत बसतो. मागे राहिलेल्या वहिनीच्या वर्षभराच्या जागरणावर त्या एका वाक्याने अविश्वासाचा शिक्का बसलेला असतो.

अशा स्त्रीची आपण स्तुती मात्र भरपूर करतो. ‘किती करते हो सासूचं! पुण्य लागेल हिला.’ आम्हांस या स्तुतीविषयीच शंका आहे. एखादीला त्यागमूर्ती ठरवले की तिला मदतीची गरज आहे, हे मान्य करण्याची आवश्यकता उरत नाही. तिलाही मग ‘मी थकले’ असे म्हणता येत नाही, कारण मूर्तीने थकायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिल्या जाणाऱ्या शुश्रूषेच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. इतक्या मोठ्या श्रमाची परतफेड केवळ कौतुकाने करणे हा अन्यायच होय.

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. ‘देवाने आता सोडवावे’ हा विचार अशा घरी कोणाच्या तरी मनात येतो. कधी रुग्णाचा, कधी स्वतःचा संताप येतो, आणि लगेच त्या संतापाची लाज वाटते. मनात उमटणारा विचार आणि हातून घडणारे कृत्य यांत नीतिशास्त्राने नेहमीच भेद केला आहे. थकव्यातून आलेला विचार हा अपराध नव्हे. मात्र थकवा वाढतच गेला तर ओरडणे, कोंडून ठेवणे, हात उगारणे इथवर गोष्ट जाऊ शकते, आणि तेव्हा सोसावे लागते ते निराधार रुग्णाला. म्हणून सांभाळणाऱ्याला मिळणारी विश्रांती ही चैन नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचाच तो एक भाग आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती हरपलेले संस्कृत पंडित शहरात हत्तीमागून चालत जातात आणि हत्तीवाल्याच्या कुटुंबात पोहोचतात. त्या घरची चन्नम्मा त्यांना लहान मुलासारखे सांभाळते. त्यांची मुलगी मात्र वडिलांना शोधताना आतून मोडत असते. चन्नम्माला तो आजचा म्हातारा तेवढा ठाऊक असतो. मुलीला कालचे वडील ठाऊक असतात. जवळच्या माणसाची सेवा याच कारणाने अधिक कठीण होते. त्याला रोज सेवाही करावी लागते आणि रोज थोडा शोकही. दूरच्या माणसाला तो शोक नसतो. म्हणून काही कामे शेजारी अधिक सहजपणे करू शकतो, ही गोष्ट आपण ध्यानात घेत नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नाही, हे शेजारच्या गोव्यात दिसून आले आहे. तेथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांसह केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आठवडाभराचे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने रुग्णांच्या घरी जात राहिले. ते डॉक्टर नव्हते. तज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. त्यांनी आजाराची माहिती दिली, विचित्र वागण्याला कसे सामोरे जावे ते सांगितले आणि घरच्यांचे ऐकून घेतले. रुग्णाचा आजार त्याने बरा झाला नाही, पण सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीयरीत्या सुधारले.

जे गोव्यात जमले ते रत्नागिरीत का जमू नये? आपल्या वाडीवाडीत मंडळे आहेत, बचत गट आहेत, आशा सेविका आहेत, मोहल्ल्यात जमात आहे, आपली धर्मग्रामे आहेत. मयताच्या घरी न बोलावता धावून जाण्याची रीत आपण जपली आहे. जिथे माणूस दहा वर्षे थोडाथोडा निरोप घेत असतो, त्या घरीही जाण्याची रीत आता पाडली पाहिजे. आठवड्यातून एक दुपार कोणी रुग्णाजवळ बसले, तर त्या सुनेला झोपता येईल, बाजारात जाता येईल, बहिणीला भेटता येईल. मुंबईच्या भावंडांनी पैसे पाठवावेतच, परंतु वर्षातून काही आठवडे रुग्णाची रात्रही स्वतः जागवावी. मग ‘आई तर छान आहे’ असे कोणी म्हणणार नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक आहेत. ते प्रत्येक घरी ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. सांभाळणाऱ्याची जबाबदारी मात्र कायद्याने कोणावरही टाकलेली नाही. ती आपण आपणहून उचलायची आहे, आणि पुढच्या वेळी अशी एखादी सून दारात दिसली की तिचे कौतुक करण्याआधी तिला विचारायचे आहे : ‘उद्या दुपारी मी येऊन बसू का?’