दोरीवरची मुलगी

आमच्या हिमायतनगरला जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात. महाशिवरात्रीला तेथे परमेश्वराची यात्रा भरते. लहानपणी त्या यात्रेत मी डोंबाऱ्याची एक पोर पाहिली होती. बाप ढोलकी वाजवी आणि सात-आठ वर्षांची ती पोर हातात आडवा बांबू धरून दोरीवरून चाले. दोरीच्या मध्यावर ती क्षणभर थबकली. दोरी थरथरत होती. ढोलकी मात्र थांबली नाही. पोर पुढे निघाली. मी ताटलीत दहा पैशांचे नाणे टाकले आणि घरी येऊन आईला म्हणालो, “काय धीट पोरगी होती!”

आई चुलीपुढून म्हणाली, “धीट कशाची रे, भुकेली असेल.”

त्या उत्तराची आठवण मला यंदा अवेळी झाली. दिवाळीला लेक नांदेडहून आली आहे. तिची नऊ वर्षांची मुलगी अंगणात रांगोळी चुकवून कोलांट्या मारते. तिच्यात गुण आहेत, तिला पुण्याला वसतिगृहात ठेवा, असे तिचे शिक्षक म्हणतात. लेकीने विचारले, “अण्णा, पाठवू का हिला?”

प्रश्न साधा आहे. पण मला चटकन उत्तर देता आले नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकसाठी आम्ही सारे रात्री जागलो होतो. त्रिपुराची दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये चौथी आली. पदक अवघ्या ०.१५० गुणाने हुकले. दुसऱ्या दिवशी बीमवरची अंतिम स्पर्धा होती. बीम म्हणजे पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त दहा सेंटिमीटर, वीतभरही नाही! हॉलंडच्या सॅने वेव्हर्सने तिच्यावर भिंगरीसारख्या गिरक्या घेतल्या आणि १५.४६६ गुणांनी सुवर्णपदक मिळवले. सिमोन बाइल्स तिसरी आली. पण माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. निकालाची वाट पाहत असताना ही मुलगी वहीत आपल्या गुणांचा हिशेब मांडत बसली होती. वय चोवीस, म्हणजे या खेळात जवळजवळ प्रौढच. पुढे २०२३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ती बीमवर पुन्हा युरोपची विजेती झाली. बीमवर चढायचे की उतरायचे, हे ठरवण्याइतकी ती मोठी होती.

म्हणजे हॉलंडमध्ये सारे आलबेल आहे काय? तसेही नाही. २०२० मध्ये तिथल्या माजी खेळाडूंनी आपल्या बालपणीच्या सरावातला छळ उघड केला आणि जुलैत त्यांच्या संघटनेला मुलींचे वरच्या दर्जाचे प्रशिक्षणच काही काळ थांबवावे लागले. पोटाची ददात नसलेल्या देशातही ढोलकी असतेच तर! तिथे ती भुकेची नसते, पदकाची असते, इतकेच.

आपला कायदाही या कोड्यापाशी अडखळला आहे. २०१६ च्याच बालमजुरीविषयीच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी घातली. शाळा न बुडवता खेळात भाग घेण्याची सवलत ठेवली, सर्कस मात्र वगळली. रेषा कुठेतरी ओढायला हवीच. पण उंचावर चढलेल्या मुलीच्या तळपायांना ही रेषा कशी कळावी?

कोणी म्हणेल, धाक नसता तर विद्या आली असती काय? पहाटेचा रियाज कोणत्या मुलाने आपखुशीने केला? हे मला मान्य आहे. मीही रडतच शाळेत गेलो आणि ज्यांनी ओढत नेले त्यांचे उपकार मानतो. तेव्हा प्रश्न डोळ्यांतल्या पाण्याचा नाही. मूल मध्यावर थबकले तर ढोलकी थांबते की नाही, एवढाच प्रश्न आहे. जिला थांबता येते तिचेच धैर्य खरे. जिला थांबता येत नाही तिच्या धैर्याला टाळ्या देणे म्हणजे तिच्या लाचारीची करमणूक करून घेणे होय. आणि मग मला कबूल करावे लागते, की त्या यात्रेतली ढोलकी एकटा बापच वाजवीत नव्हता. माझे दहा पैसेही तिच्यावर वाजत होते.

मी लेकीला सांगितले, “पाठव. पण आधी तिला विचार. आणि ज्या दिवशी ती ‘आई, उतरायचं आहे’ म्हणेल त्या दिवशी एकही प्रश्न न विचारता तिला घेऊन ये. एवढं जमणार असेल तरच पाठव.”

संध्याकाळी पणत्या लावताना पाहतो तर नात ओसरीच्या कठड्यावर चढलेली. दोन्ही हात पसरून पाऊल पाऊल चालली होती. मध्येच ती थबकली. माझे हात टाळीसाठी वर गेले होते, ते मी तसेच तिच्यापुढे धरले आणि विचारले, “उतरायचं का, बाळ?”

ती खाली न पाहताच म्हणाली, “थांबा ना आबा! अजून थोडंच राहिलंय.”

मी थांबलो.