न केलेल्या कर्माचा दोष

जे केल्याने काहीच मिळत नाही, पण न केल्यास दोष लागतो, असं कर्म असू शकतं का? वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी विहित कर्मांचे जे वर्ग केले, त्यांतून हा प्रश्न उभा राहतो. पाऊस हवा असेल त्याने कारीरी इष्टी करावी, हे काम्य. मुलगा झाला की जातेष्टी करावी, हे नैमित्तिक. संध्या आणि अग्निहोत्र ही नित्य. त्यांना ना इच्छा लागते ना प्रसंग, वेळ झाली एवढं कारण पुरतं. काम्य कर्म टाळलं तर फळ हुकतं, बाकी काही बिघडत नाही. नित्य कर्म टाळलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष. आजच्या वाचकाला सगळ्या मीमांसेत हाच भाग सर्वांत जुनाट वाटतो: मिळायचं काही नाही आणि भीती मात्र घातलेली. माझं म्हणणं असं की या कल्पनेत कर्तव्याबद्दलचं एक खरं निरीक्षण आहे, आणि ते तपासायला यज्ञशाळेपेक्षा गॅरेज बरं. रुंद टायरांच्या एटीव्हीचं, म्हणजे ओबडधोबड जमिनीवर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाडीचं, ब्रेक ऑइल ठरल्या मुदतीला बदलणं हे मला नित्य कर्माचं अगदी चोख उदाहरण वाटतं.

एटीव्हीच्या ब्रेकची मूठ दाबली की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, नळीतल्या द्रवावर दाब येतो, तो चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव दबत नाही म्हणून हे जमतं. डॉट 3, डॉट 4, डॉट 5.1 ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉलच्या जातीची, आणि ओल शोषणं हा त्यांचा स्वभाव. रबरी नळीतून, टाकीच्या झाकणापाशी, वर्षभर बाष्प आत शिरत राहतं. मानकाप्रमाणे नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा 155 अंश धरलेली आहे. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की कॅलिपर तापतो, ओल मुरलेलं ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते. मूठ हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. यातली खरी मेख अशी की त्या क्षणापर्यंत मूठ घट्टच लागते. पाणी हाही द्रवच. थंड असताना तेही दबत नाही. म्हणजे जुनं, ओलसर ऑइल रोजच्या सपाटीवरच्या वापरात नव्याइतकंच चांगलं काम करतं, आणि नवं भरल्यावर चालवणाऱ्याला काडीचाही फरक जाणवत नाही.

नित्य कर्माची खूण नेमकी हीच. मोठे टायर बसवणं काम्य, पॅड झिजल्यावर बदलणं नैमित्तिक. तिथे हौस आहे किंवा निमित्त आहे. ब्रेक ऑइल बदलायला दोन्ही नाही, नुसतं पंचांग आहे. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ही मुदत दोन वर्षांची असते, गाडी चालो वा शेडमध्ये उभी राहो. यावर पहिला आक्षेप समंजस माणूस असा घेईल की तारखेची गुलामी कशाला, तपासून बघा आणि गरज असेल तर बदला. ओल मोजणारी पेनसारखी यंत्रं बाजारात मिळतात, हे खरं. पण ती बुडवतात वरच्या टाकीत, आणि उकळतं ते खाली कॅलिपरमधलं ऑइल. इंजिनातल्या ऑइलसारखं हे फिरत नाही; मूठ दाबली की जरासं पुढे जातं आणि सोडली की तितकंच मागे येतं. वरचं पिवळसर स्वच्छ दिसत असताना खालचं काळपट झालेलं असू शकतं. प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाला इथे अडचण येते: त्याला हवा तो पुरावा उतारावरच मिळणार, आणि तेव्हा त्याचा उपयोग नसणार. पंचांगाचा नियम आंधळा आहे, काही वेळा चांगलं ऑइलही फेकायला लावतो, हे मी मान्य करतो. दोष दिसण्याआधीच काम करायचं असेल, तर इतका आंधळेपणा पत्करावा लागतो.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो शंकराचार्यांचा आहे. तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्याच्या उपोद्घातात ते विचारतात की नित्य कर्म न करणं हा तर नुसता अभाव. अभावातून प्रत्यवायासारखी भावरूप गोष्ट कशी निपजेल? काहीच न करण्याने काही घडतं, असं मानणं म्हणजे असतातून सत निघतं असं मानणं. मग न करण्याचा आणि दोषाचा संबंध काय? त्यांचं उत्तर मार्मिक आहे: आधीच साचलेल्या दुरिताचं, म्हणजे पापाचं, ते लक्षण आहे, कारण नव्हे. ब्रेकच्या बाबतीत हे शब्दशः पटण्यासारखं आहे. ऑइल न बदलल्यामुळे पाणी तयार होत नाही. ते हवेतून येतं, आपण झोपलेले असतानाही येतं, आणि चुकलेली तारीख फक्त एवढंच सांगते की आत बरंच साचलं असावं. कार्यकारणाच्या हिशेबात मी आचार्यांच्या बाजूने आहे. पण यातून दोषाची कल्पनाच निकालात निघते, हे मला पटत नाही. साचणं आपोआप होतं म्हणूनच काढण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते. ज्या गोष्टी आपल्या करण्याने बिघडतात, तिथे निषेध पुरतो. ज्या आपल्या न करण्यातही बिघडत राहतात, तिथे विधीच हवा.

इथे कोणी म्हणेल की मग फळ आहेच की. सुरक्षितता हे काय फळ नव्हे? हा वाद मीमांसकांच्या घरातलाच आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेने नित्य कर्मालाही पापक्षय, प्रत्यवाय-परिहार असं प्रयोजन दिलं; प्रभाकराच्या अनुयायांना ते रुचलं नाही, विधीची आज्ञा हेच त्यांना पुरेसं प्रयोजन होतं. ब्रेकपुरता मी भाट्ट आहे. मात्र टळलेला अपघात कोणाला दाखवता येत नाही, मोजता येत नाही, त्याचं श्रेयही मिळत नाही. म्हणून करणाऱ्याचं मन प्रभाकराचं असलेलं बरं. कामाची रीत बघा: झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल, तेही सीलबंद बाटलीतलं, कारण उघडी बाटली कपाटातच ओल शोषून बसलेली असते. टाकीतलं जुनं काढून नवं भरायचं, ब्लीडरच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. मूठ दाबून धरायची, निपल सैल करायचं, ऑइल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचं आणि मगच मूठ सोडायची. क्रम उलटला की हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली गेली तरी तेच. नळीत बुडबुडे यायचे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत प्रत्येक कॅलिपरला हे करायचं, आणि रंगावर सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवायचा, नाहीतर तो रंग खातो. मीमांसक याला इतिकर्तव्यता, म्हणजे कर्म कसं करायचं याची रीत, म्हणाले असते. यातली प्रत्येक पायरी दृष्टार्थ आहे आणि संध्येतल्या आचमनाला तसा दिसणारा हेतू सांगता येत नाही, हा फरक मी लपवत नाही. गॅरेजमधून संध्येचं समर्थन काढण्याचा माझा इरादा नाही. बक्षीस नसलेलं कर्तव्य ही कल्पना तर्काला धरून आहे, इतकंच इथून सिद्ध होतं.

राहिला सर्वांत लोकप्रिय आक्षेप: दहा वर्षं बदललं नाही, काही झालं नाही. इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड याने 1877 साली विश्वासाच्या नीतीवर लिहिताना एका जहाजमालकाचं उदाहरण घेतलं. जहाज जुनं झालंय हे ठाऊक असून तो मनातल्या शंका दाबतो आणि प्रवासी भरून पाठवतो. जहाज बुडालं तर तो दोषी, हे कोणीही म्हणेल. क्लिफर्डचं म्हणणं, ते सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. प्रत्यवाय परिणामावर अवलंबून नाही, हे याहून नेमक्या शब्दांत सांगणं अवघड आहे. ‘काही झालं नाही’ हे उताराबद्दलचं विधान आहे, ऑइलबद्दलचं नव्हे.

शंकराचार्यांचा सगळा खटाटोप अर्थात संन्याशासाठी होता. ज्याने कर्माचा अधिकारच सोडला, त्याला अकरणाचा दोष नाही. हे इथेही लागू आहे. एटीव्ही विकून टाकलेल्याला ब्रेक ऑइलचं बंधन नाही. पण अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर किंवा कुठल्याही पर्यटनस्थळी जो ती भाड्याने फिरवायला देतो, त्याने अधिकार सोडलेला नाही, उलट वाढवलेला आहे. संध्या चुकवणाऱ्याचा प्रत्यवाय ज्याचा त्याला भोगावा लागतो. इथे कर्म चुकवतो मालक आणि उतारावर असतं दुसऱ्याचं मूल. तेव्हा पोराला त्या गाडीवर बसवण्याआधी भाड्याची घासाघीस जरूर करा, पण ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं तेही विचारा. उत्तरात तारीख आली नाही आणि ‘ब्रेक एकदम कडक आहेत’ असं ऐकू आलं, तर पोराला खाली उतरवा.