लांबी आणि पत्रा

विकाऊ जुनी मोटार पाहायला येणारा माणूस इकडचे तिकडचे बोलून झाले की हटकून एका प्रश्नावर येतो : “गाडीत काही काम आहे का?” गेल्या आश्विनात सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असलेल्या तरुणाने तो मला विचारला. मी म्हणालो, “किरकोळ.” या एका शब्दाने माझी चार रात्रींची झोप नेली. शाळेत असताना सत्यावर मी चांगले दोन-तीन निबंध लिहिले आहेत आणि त्यांतल्या एकाला बक्षीसही मिळाले आहे. पण खोटे नेमके कोठे सुरू होते याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती या वयात, आणि तीही एका मोटारीमुळे.

गाडी 1982 सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आमच्या नाशिक जिल्ह्याला हे नाव त्याआधीपासून परिचयाचे होते, कारण मालेगावजवळच्या रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच. लहानपणी चघळलेली रावळगावची गोळी आणि पुढे जपलेली पद्मिनी या एकाच घरच्या लेकी, हे मला फार उशिरा उमगले. इटलीतल्या फियाट कंपनीची 1100 ही गाडी 1954 पासून कुर्ल्याला तयार होऊ लागली, 1964 मध्ये तिचा नवा अवतार आला आणि सत्तरीच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईकरांनी तिला काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिले. त्या टॅक्सीचाही शेवट 2023 च्या ऑक्टोबरात झाला. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि शेवटची पद्मिनी त्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निघून गेली.

मी माझी गाडी 1996 साली घेतली, तीही दुसऱ्याच्या हातची. त्या वेळी बाजारात नव्या, चपळ, थंड हवेच्या मोटारी आल्या होत्या आणि माझ्या खरेदीला घरात कोणीही शहाणपण म्हटले नाही. पण जुन्या गाडीचा नाद हा शहाणपणाच्या खात्यात मांडायचा खर्चच नव्हे. नाशिकच्या थंडीत रविवारी सकाळी उठावे, चोक ओढावा, सेल्फ मारावा, आणि पहिल्या दोन-तीन नकारांनंतर चारही सिलिंडर एकसुरात बोलू लागावेत, या सुखाला तोड नाही. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटांची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती जरा चुकली की गाडी रुसते. काचकागदाने पॉइंट घासून फट बरोबर केली की हसते. रोग आणि औषध यांचे नाते इतके उघडे असलेली दुसरी जागा माझ्या आयुष्यात नव्हती. नोकरीत मी केलेल्या कामाचे काय झाले हे मला कधी नीट कळले नाही. कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केल्यावर काय झाले हे मात्र त्र्यंबक रस्त्यावर, अंजनेरीचा डोंगर दिसायच्या आत कळत असे.

1999 च्या उन्हाळ्यात सहकुटुंब मुंबईहून परतताना कसारा घाटाच्या अलीकडे मागचे चाक बसले. डाव्या दाराखाली जॅक लावून मी दांडा फिरवू लागलो. गाडी वर येईना. जॅकच गाडीत शिरू लागला. करकर आवाज झाला, रंगाचा पापुद्रा सुटला, आणि पत्र्यातून – पत्रा कसला, लांबीतून – ओलसर कागदाचा एक बोळा बाहेर आला. वर्तमानपत्र होते, 1988 च्या ऑक्टोबरातले. दिवाळीनिमित्त कापडावर दिलेल्या सवलतीची जाहिरात अजून वाचता येत होती. गंजून पडलेल्या भोकात कोणीतरी कागद कोंबला होता, त्यावर रंगाऱ्याची लांबी थापली होती, ती घासून गुळगुळीत केली होती आणि वरून रंग मारला होता.

येथे गाडीच्या रचनेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. जीपला खाली लोखंडी चौकट असते, आणि वरचे शरीर नुसते अंगरख्यासारखे. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. तिचा पत्राच तिचे हाड. दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या गाडीचा भार वाहतात. धक्का बसला तर आतल्या माणसांसाठी तोही काही अंशी त्याच सोसतात. म्हणजे तीन वर्षे मी बायकामुलांना घेऊन घाट चढत-उतरत होतो, तो एका दिवाळीच्या जाहिरातीच्या भरवशावर!

मला संताप आला. पण तो करायचा कोणावर? मला गाडी विकणारे गृहस्थ भले होते. त्यांनी ती घेतली तीच मुळी 1988 नंतर. त्यांनी मला जे सांगितले त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास होता. फसवणूक घडली होती, फसवणारा मात्र हाती लागत नव्हता. घराचे मालक बदलले तरी जुना भाडेकरू जसा आतच राहतो, तसे ते खोटे गाडीत वस्ती करून होते, आणि प्रत्येक मालक ते अत्यंत प्रामाणिकपणे पुढच्याच्या हवाली करीत होता. न कळता खोटे पुढे देणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र ही सवलत कळेपर्यंतचीच. बोळा हातात आल्यापासून मी तिला मुकलो होतो.

भद्रकालीतल्या मिस्त्रींनी दोन्ही बाजू कापून नवा पत्रा जोडला. तेव्हा माझ्या एका मित्राने तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतले जुने कोडे काढले. अथेन्सच्या लोकांनी थिसियसचे जहाज जपून ठेवले होते, कुजलेली फळी काढून नवी बसवीत. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की ते जहाज तेच की दुसरे यावर विचारवंतांत दोन तट पडले. मित्र म्हणाला, “तुझे इंजिन बोअर झाले, क्लच बदलला, आता पत्राही बदलला. मग पद्मिनी उरली कोठे?” खरे सांगतो, या कोड्याने मला कधीच त्रास दिला नाही. नवी फळी ही फळीच असते. ती समुद्राचे पाणी अडवते. अथेन्सच्या सुतारांनी फळीच्या जागी रंगवलेला कागद लावला असता तर त्या विचारवंतांना खरा प्रश्न मिळाला असता.

झाकणे म्हणजेच पाप, असेही मी म्हणणार नाही. रफूगराची सारी कीर्ती त्याचे काम न दिसण्यात असते. शालूला रफू केले आणि ते कोणाला कळले नाही तर आपण त्याला लबाड म्हणत नाही, कलावंत म्हणतो. गोधडीचे ठिगळ उघड दिसते, रफू दिसत नाही. पण दोन्ही ताण घेतात. लांबी ताण घेत नाही. ती केवळ पत्र्यासारखी दिसते. दिवाळीच्या आधी भिंतीच्या ओलीवर आपण चुन्याचा हात मारतो, त्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. भिंत पडणार नसेल तर पाहुण्यांसमोर तिने चार दिवस बरे दिसायला काय हरकत आहे? पडणार असेल तर मात्र प्रश्न वेगळा.

आता माझी गोष्ट. 2015 च्या पावसाळ्यानंतर उजव्या बाजूला पुन्हा गंज धरला. मिस्त्री थकले होते, वेल्डिंगचा खर्च वाढला होता, आणि एव्हाना माझा हात चांगला बसला होता. मी जाळी लावली, लांबी भरली, आठ दिवस पाणी मारून पॉलिशपेपरने घासली आणि रंग असा जुळवला की मिस्त्रींना बोट फिरवूनही सांधा सापडला नाही. “साहेब, आता तुम्ही मिस्त्री झालात,” ते म्हणाले, आणि मी फुललो. माझ्या हातून झालेले ते सर्वांत सुबक काम. तेव्हापासून मी त्या बाजूला एकदाही जॅक लावला नाही. कारण मी स्वतःला कधी सांगितले नव्हते, पण माझ्या हाताला ते पक्के ठाऊक होते. गाडी गावाबाहेर न्यायचीही कमी झाली. त्याचे खापर मी रहदारीवर फोडले. नोंदणीचे नूतनीकरण मात्र नेमाने केले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावे लागते, आणि त्याची फी 2022 च्या एप्रिलात 600 रुपयांवरून 5,000 झाली, तीही मी कुरकुरत भरली.

आता गुडघे गाडीखाली शिरू देत नाहीत म्हणून विकायला काढली, तर हा तरुण आला. त्याने इंजिन ऐकले, दारे लावून पाहिली, आणि उजव्या बाजूच्या त्या माझ्या कामावरून हात फिरवून म्हणाला, “काका, किती जपलीय हो!” मग त्याने तो प्रश्न विचारला.

चौथ्या रात्री मी पत्नीला सारे सांगितले आणि वर आपली बाजूही मांडली : आपण नाही का तशीच घेतली? तिने दिवा न लावताच विचारले, “अहो, त्याची मुलगी मागेच बसणार ना?”

सकाळी मी त्याला फोन करून बोलावले. तो मुलीला घेऊन आला, पाच-सहा वर्षांची असेल. मी त्याला उजव्या दाराखालची जागा दाखवली आणि खिशातून लोहचुंबक काढले. डाव्या पट्टीवर ते टक्कन बसले. उजव्या पट्टीवर धरले, सोडले, आणि ते खाली पडले. तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा पडला, आणि ज्या जागेवरून त्याने कौतुकाने हात फिरवला होता तेथून तो त्याने मागे घेतला. किती खर्च येईल, त्याने विचारले. मी आकडा सांगितला, किमतीतून तो वजा करा म्हणालो. विचार करून सांगतो, म्हणाला.

मुलीने एवढ्यात चुंबक उचलले होते. तिला नवा खेळ सापडला. बॉनेट, दार, डिकी असे टकटक लावीत ती गाडीभोवती फिरू लागली, आणि मागच्या डाव्या चाकावर, मडगार्डच्या कडेशी येऊन ओरडली, “आजोबा, इथेपण नाही चिकटत!”

त्या जागेचे मला काहीच ठाऊक नव्हते. मी घरातून खडू आणला आणि तिला खूण करायला सांगितले.