इंजिन बदलले, तरी गाडी तीच

झिजलेले इंजिन ऑइल खाऊ लागते, निळा धूर ओकते, चढावर दम सोडते. मग पिंपरी-भोसरीच्या गॅरेजात दोन वाटा उरतात: बोअर करून रिंग-पिस्टन नवे घालायचे, किंवा अपघातात मोडलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे धडधाकट इंजिन आणून बसवायचे. दुसरी वाट धरली की गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त उलटा होतो. देह जागेवर राहतो आणि ज्याला आपण गाडीचा प्राण म्हणतो तोच बदलतो. मग गाडी दुसरी झाली का? १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ इंजिन बदलण्याला फेरफार मानते आणि त्याची आरटीओकडे नोंद मागते. इंजिन नंबर बदलतो, पण चॅसिस नंबर तोच राहतो आणि एमएच-१४चा क्रमांकही. हा निवाडा तत्त्वज्ञानाच्या कसोटीवरही टिकतो, असे मला वाटते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन (ग्रीक) राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाके की जू? एकाही भागात रथ सापडत नाही, भागांवेगळाही सापडत नाही; ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव. यावर बौद्ध तार्किक धर्मकीर्तीच्या आधाराने कोणी म्हणेल, की जे कार्य घडवते तेच खरे, म्हणून इंजिन हीच गाडी. पण स्टँडवर चढवलेले इंजिन कितीही धडधडले तरी कोणाला चाकणला पोचवत नाही. जाणे हे सगळ्या जुळणीचे कार्य आहे. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. गाडीपण जर केवळ व्यवहारातले नाव असेल, तर भंगारातल्या गाडीचा नंबर चोरीच्या चॅसिसवर ठोकणाऱ्याचे काय चुकले? नागसेनाच्या दृष्टान्तातला आंबेचोरही असेच बोलतो: मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. तो सुटत नाही, कारण नेलेली फळे त्या लावलेल्या आंब्यातूनच आली. वस्तूचे तेपण अशा अखंड परंपरेत असते, आणि नोंदवहीतला नंबर हा तिचा साक्षीदार. खोटा नंबर ठोकणारा ही साक्षच फिरवतो.

म्हणूनच जुन्या इंजिनाचे बिल आणि मूळ गाडीचे कागद मागणे ही निव्वळ कारकुनी नाही. ते इंजिनही स्वतःचा भूतकाळ घेऊन येते. चोरीच्या गाडीतून काढलेले असेल, तर अजाण गिऱ्हाईक निर्दोष ठरेल, पण मूळ मालकाचे नुकसान त्यामुळे पुसले जात नाही. गाडीची जुनी देणीही तशीच राहतात: फेडायचे कर्ज, न भरलेले चलन, अपघाताचा दावा. धडक दिली तेव्हाचे इंजिन आता भंगारात गेले, हे उत्तर जखमी माणसापुढे चालणार नाही. त्याला धडक या गाडीने दिली होती.