पवनीचा तट, बसल्या जागी

नाकाडोंगरीहून निघायचंय, पण उठायचं नाही. पाठ भिंतीला टेकू द्या, मोबाइल पालथा ठेवा. आधी तुमसर, मग भंडारा, मग आणखी दक्षिणेला पवनी. एसटीने गेलं तर सकाळ प्रवासातच जाते. आज श्वास संथ झाला, की पोचलात.

आधी तट पाहा. जुन्या पवनीला तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. फोटो काढावासा वाटेल. वाटू द्या, जाईल ती इच्छा. खंदकातून निघालेली माती कुणाच्या तरी डोक्यावरून वर चढली. डोक्यावर चुंबळ, त्यावर टोपली, हात वर, नजर समोर. त्या मानेकडे जरा वेळ पाहत राहा. आता स्वतःच्या मानेकडे लक्ष द्या. ताठली असेल तर सैल सोडा.

घाट उतरा. पाणी संथ दिसेल. वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण आहे. इथे फार थांबू नका, टेकडीवर जायचंय.

जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप उघडा पडला. भोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरं होती. बहुतेक दान देणाऱ्यांची नावं. त्यात एक नाग आहे, बुद्धवचनाचे पाचही निकाय, म्हणजे संग्रह, जाणणारा, एवढीच त्याची ओळख. दोन हजार वर्षांहून जुनं हे नाव सावकाश मनात म्हणा. नाग. पुन्हा एकदा.

जर्मनीत रोथेनबुर्ग म्हणून जुनं तटबंदीचं शहर आहे. ३१ मार्च १९४५ रोजी बॉम्ब पडले, तटाचा बराच भाग कोसळला. पुन्हा उभारताना जगभरातून पैसे आले आणि देणाऱ्यांची नावं दगडावर कोरून तटात बसवली. पर्यटक आज ती वाचत वाचत तटावरून चालतात. पवनी काय, रोथेनबुर्ग काय, नाव राहिलं ते देणाऱ्याचं. टोपली वाहणाऱ्याचं नाव कोरायला पैसे कोण देणार?

आता मागे, घराकडे वळा. डोंगरी बुजुर्ग, चिखला. मँगनीजच्या खाणी, काळी धूळ. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतातलं मँगनीज जहाजांनी युरोपच्या पोलाद भट्ट्यांपर्यंत जात असे. तिकडच्या एखाद्या जुन्या पुलात आपल्याकडची धूळ असेलही. शोधायला जाऊ नका.

त्यापेक्षा खाणीत राबलेला आपल्या ओळखीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. हात पाहा त्याचे, नखांच्या कडेची काळी रेघ पाहा. मग त्याचं नाव घ्या, बापाच्या नावासकट. बापाचं नाव आठवत नसेल, तर उद्या त्यालाच विचारा.