पाव कमी

मराठीत पावणे म्हणजे पाव उणे. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, पावणेआठ म्हणजे आठाला पंधरा मिनिटं कमी. आमची कंपनी ज्या पावणे गावाच्या हद्दीत आहे त्या गावाच्या नावाशी हा हिशेब जोडणं हे माझ्या डोक्यातलं खूळ आहे. पण कोपरखैरणे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात चौथा माणूस भरेपर्यंत बसून राहिलं, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडताना समोर धुराडी आणि त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर दिसला की रोज तेच मनात येतं. आपण ठरवलेल्या प्रत्येक गोष्टीत पाव उणं राहिलेलं आहे.

आमच्या क्यूसी लॅबमध्ये यंदा एक अ‍ॅप्रेंटिस पोरगा आलाय. खटाव तालुक्यातला, डिप्लोमा झालेला, कोपरखैरण्यात तिघांत एक खोली घेऊन राहतो. केमिकलच्या प्लांटमध्ये मोबाइल आत न्यायची बंदी, गेटवरच जमा करावा लागतो. म्हणून हा जेवणाच्या सुट्टीत कागदी पुस्तक काढतो. जपानी मांगा, इंग्रजीतून. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये सगळे हसले, कारण पठ्ठ्या पुस्तक उलटं वाचत होता. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण जिथे पुस्तक संपवतो तिथे ते सुरू होतं, आणि सवयीने आपल्या बाजूने उघडलं तर कित्येक पुस्तकांत तिथे सूचनाच छापलेली असते की बाबा रे, तू चुकीच्या टोकाला आहेस.

गेल्या महिन्यात त्याच्या लॉकरचं दार उघडं राहिलं होतं. आतल्या बाजूला चिकटवलेला कागद मी वाचला. वाचू नये हे कळतं, तरी वाचला. निळ्या शाईत पाच ओळी होत्या. रोज 100 जोर, 100 बैठका, 100 सिट-अप आणि 10 किलोमीटर धावणे. डिसेंबरात जपानीची एन-फाइव्ह परीक्षा. इंग्रजी बोलणे. जीसी मशीन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, एकट्याने चालवणे. आणि पाचवी ओळ: ‘वन पीस पूर्ण करणे.’

पहिली ओळ कुठून आली ते त्यानेच सांगितलं. ‘वन पंच मॅन’ नावाच्या मालिकेचा नायक सैतामा एका बुक्कीत कुणालाही लोळवतो. ही ताकद आली कुठून, तर रोज एवढा व्यायाम, तीन वर्षं, एकही दिवस खाडा नाही. त्यापायी त्याचे केस मात्र सगळे गळाले. तो लेखकाचा विनोद आहे. इतक्या साध्या उत्तरावर मालिकेतली बाकीची पात्रंही वैतागतात. पण जगभर पोरांनी तो विनोद मनावर घेतला आणि जोर मारायला सुरुवात केली. आमचा पोरगा तिसऱ्या दिवशी सॉल्व्हंटच्या टाकीवर नमुना घ्यायला शिडी चढताना मध्येच थांबला आणि म्हणाला, “सर, पाय ऐकत नाहीयेत.”

मला त्या कागदावर अडकवलं ते पाचव्या ओळीने. बाकीच्या चार समजल्या. पण आवडीची गोष्ट ‘पूर्ण करणे’?

‘वन पीस’ ही मांगा एइचिरो ओदाने 1997 साली काढायला घेतली, अजून संपलेली नाही. त्यावरची अ‍ॅनिमे मालिका 1999 पासून चालू आहे आणि अकराशेच्या वर भाग झालेत. एक भाग साधारण 24 मिनिटांचा धरला तर अकराशे भागांचे 440 तास होतात. माझ्यातला हिशेबनीस लगेच जागा झाला. जपानी परीक्षेच्या जुन्या पद्धतीत सगळ्यात खालच्या श्रेणीसाठी दीडशे तासांचा अभ्यास, आठशे शब्द आणि शंभर कांजी एवढा अंदाज धरत. म्हणजे वन पीसच्या वेळात पोरगा ती परीक्षा जवळजवळ तीनदा पास झाला असता. हा हिशेब मी त्याला मोठ्या थाटात ऐकवला.

तो म्हणाला, “सर, मी दीडपट स्पीडने बघतो. गाणी सोडून.”

उत्तर गमतीचं होतं, पण घरी जाताना ते डोक्यात राहिलं. दीडपट वेगाने, गाणी गाळून, रोज चार भाग उरकायचे आणि वहीत आकडा लिहायचा. ही तर आमच्या लॅबमधली पेंडिंग सँपलं झाली. बरं, माझा हिशेबही तितकाच खोटा होता. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेल्या माणसाचा एक तास आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊचा एक तास हे एका तराजूत बसत नाहीत. सकाळी सातला त्याने कांजीची वही उघडली तर डोळे मिटतील. तेव्हा ‘वन पीस’मधला लुफी आणि त्याचे खलाशी बघितले तर त्याने काही गमावलं नाही. वाचवलेला तास बँकेत ठेवून दुसऱ्या कामाला काढता येत नाही.

घोळ तासांचा नव्हताच. छंद होता त्याचं त्याने काम करून टाकलं होतं. आणि काम होतं ते? ते तो बघत होता. धावणं ‘हाइक्यू’मध्ये बघायचा, जिद्द ‘नारुतो’तल्या रॉक लीमध्ये. या कथांत सरावाचं एक ठरलेलं दृश्य असतं. नायक हरतो, डोंगरात जातो, एक गाणं वाजतं, घाम, पाऊस, सूर्योदय, आणि तीन मिनिटांत सहा महिने उलटतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आपणच तो डोंगर चढलो असं वाटतं आणि त्या समाधानात झोप चांगली लागते. सकाळी पाय तेच असतात.

मी त्याला हसायचं कारण नाही. प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ ऐकून मीही दोन वर्षं पहाटे पाचला उठायचं ठरवतो आहे. व्हिडिओ रात्री साडेअकराला ऐकतो.

आमच्या पिढीला अ‍ॅनिमे हा शब्दही माहीत नव्हता. 1993 मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं तेव्हा गल्ल्या ओस पडत. त्या मोगलीची चित्रं जपानात काढली होती हे मला पस्तिशीत कळलं. पुढे हंगामा वाहिनीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन आला, मागोमाग शिनचॅन. आज पंचविशीत असलेली पोरं त्यांच्यावर वाढली आणि घरोघरच्या आयांनी त्या दोघांना पोटभर शिव्या घातल्या. 2019 मध्ये मकोतो शिंकाईचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात थिएटरला लागावा म्हणून चाहत्यांनी स्वाक्षऱ्या गोळा केल्या, आणि तो लागला. तेव्हा ‘ही कार्टून बघायचं वय आहे का तुझं’ हा प्रश्न निदान आता मोडीत काढायला हरकत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात मजेशीर वाटते ती ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही मालिका. जपानात 1966 साली ‘क्योजिन नो होशी’ नावाची बेसबॉलची मांगा सुरू झाली. गरीब बापाने पोराला मारूनमुटकून पिचर बनवायची गोष्ट. 2012 च्या अखेरीस तीच कथा क्रिकेटची करून कलर्स वाहिनीवर दाखवली. नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला सूरज. मूळ गोष्टीत बाप पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा पट्टा चढवतो, म्हणजे प्रत्येक हालचालीला जोर लागावा. ते इथे क्रूर दिसेल म्हणून सूरजच्या अंगाला सायकलच्या ट्यूब बांधल्या. मला ती ट्यूब फार पटली. स्प्रिंग कारखान्यातून आणावी लागते. जुनी ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मागितली तरी मिळते.

पोरगा खटावचा म्हणून मी त्याला त्याच्याच तालुक्यातल्या औंधच्या राजांबद्दल विचारलं. त्याला माहीत होतं, शाळेची सहल तिकडेच गेली होती. भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार ज्यांनी आयुष्यभर केला, संस्थानातल्या शाळांत ते घालायला लावले, स्वतः रोज घातले, तेच हे. लोक विसरतात ते पुढचं. हा राजा चित्रकार होता. त्याने रामायणाची चित्रमालिका काढली आणि ती 1916 मध्ये ‘चित्र रामायण’ म्हणून छापली. पुढे औंधच्या डोंगरावर 1938 मध्ये संग्रहालय बांधलं, त्यात देशोदेशीची चित्रं आणि शिल्पं आणून ठेवली. चित्रांतून गोष्ट सांगायचं वेड आणि नमस्कार, दोन्ही एकाच माणसाच्या अंगात होतं. चित्रांनी नमस्कार बुडवल्याचं किंवा नमस्कारांनी चित्रं बुडवल्याचं मी तरी वाचलेलं नाही. अर्थात तो राजा होता, त्याला रात्रपाळी नव्हती, हेही खरं.

पोराने मला मग ‘स्लॅम डंक’ वाचायला दिलं. ताकेहिको इनोउएची बास्केटबॉलची मांगा, 1990 ते 1996, एकतीस खंड. नायक साकुरागी हा लाल केसांचा दांडगट पोरगा एका मुलीवर छाप पाडायला संघात शिरतो. त्याला सुरुवातीला कितीतरी दिवस नुसतं चेंडू जमिनीवर आपटायला लावतात. पुढे त्याच्याकडून वीस हजार शॉट मारून घेतात, आणि लेखक ते एका गाण्यात उरकत नाही. कोपर कुठे, गुडघा किती वाकला, चुकला कसा, हे पानंच्या पानं चालतं. शेवटी देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघाला हे हरवतात. आपण टाळ्या पिटायच्या तयारीत, आणि लेखक जाता जाता सांगून मोकळा होतो की पुढच्याच सामन्यात त्यांचा धुव्वा उडाला. चषक नाही, काही नाही. साकुरागीची पाठ दुखावलेली, तो समुद्रकाठी उपचार घेत बसलाय. मला पावणे गाव आठवलं.

इनोउए ते दर आठवड्याला काढत होता. साप्ताहिकासाठी दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं, वर्षानुवर्षं. ‘हंटर एक्स हंटर’चा तोगाशी पाठदुखीने वर्षवर्ष थांबतो, मग पुन्हा काही प्रकरणं देतो. सैतामाकडून काय शिकायचं ते मला माहीत नाही. पण सैतामा काढणाऱ्याकडून शिकण्यासारखं आहे, कारण तो टेबलाशी बसतो तेव्हा मागे गाणं वाजत नाही. हे मी पोराला बोललो. तो म्हणाला, “सर, हे सांगायला तुम्ही एकतीस खंड वाचले?” वाचले, आणि दीडपट वेगाने नाही.

मग बरेच दिवस आम्ही दोघं त्या कागदावरून भांडलो. आमच्या लॅबमध्ये टायट्रेशन करताना शेवटी शेवटी ब्युरेट थेंबाथेंबाने सोडावं लागतं. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. घाईत दोन थेंब जास्त पडले तर गडद गुलाबी होतं आणि सगळं पहिल्यापासून. हे तो माझ्याहून सफाईने करतो. शंभर जोर एकदम का मग? वीसवर आला. धावणं घणसोलीपर्यंत नाही, खोलीपासून खाडीकाठापर्यंत. जपानीचा अभ्यास दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी, रात्रपाळीच्या आठवड्यात नाहीच. तो आठवडा लुफीचा.

अ‍ॅनिमे ऐकून जपानी येईल या त्याच्या आशेवर मात्र शिकवणाऱ्या बाईंनीच पाणी ओतलं. त्या कथांतले नायक समोरच्याला जसं ‘तू’ म्हणतात तसं खऱ्या जपानात मुलाखतीत म्हटलं तर नोकरी जायची. निळू फुल्यांच्या पाटलाकडून मराठी शिकून माणूस मंत्रालयात गेल्यासारखं व्हायचं. पण कान तयार झालाय हेही बाईच म्हणाल्या. वर्गातल्या इतरांना वाक्य कुठे तुटतं ते कळत नाही, याला कळतं. चारशे तासांतून एवढं निघालं. कमी आहे का? मला ठरवता येत नाही.

पाचव्या ओळीवर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणतो ती खोड. जे आवडतं त्याला यादीत घालू नकोस, त्यावर बरोबरची खूण करू नकोस, गाणीसुद्धा ऐक. तो म्हणतो, यादीत नसलेलं सगळं आपल्याकडून सुटतं सर, तुमचा पहाटेचा पाच तेवढा यादीत आहे का? नाही. माझा पहाटेचा पाच कुठेच लिहिलेला नाही. आता उठतो तो पावणेसहाला.

काल लॉकरचं दार पुन्हा उघडं होतं. कागद तोच होता. 100 वर काट मारून 20 लिहिलं होतं, मग त्यावरही काट मारून 25. ‘वन पीस पूर्ण करणे’मधलं ‘पूर्ण करणे’ खोडलं होतं आणि पुढे काहीच लिहिलं नव्हतं.

त्याची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी येते. त्या दिवशी त्याच्या जागी मी जाणार आहे, सुपरवायझरला सांगून ठेवलंय.