वारसा मागायला आलेला मुलगा

मनन म्हटलं की आपण डोळे मिटतो. आज थोडा वेळ ते उघडेच ठेवूया, कारण आधी एक चित्र नीट पाहायचं आहे.

सोयगाव तालुक्यात, फर्दापूरहून आत गेलं की लेणापूरच्या शिवारात वाघूर नदी मोठं अर्धवर्तुळ घेऊन वळते. त्या वळणाच्या कड्यात तीस लेणी कोरलेली आहेत. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, पण त्याचं नाव जगभर नेणारी ही लेणी सोयगावची. आपल्याला सतराव्या लेण्यात जायचं आहे. प्रत्यक्ष तिथे मागे रांग असते, पुढे सरका म्हणून हाक येते. म्हणून घरीच बसा. पाठ सरळ, हात मांडीवर, आणि मनानं त्या ओसरीत उभे राहा.

चपला बाहेर काढल्यात. पायाखाली थंड दगड आहे. उन्हातून आत आल्यामुळे पहिल्यांदा काहीच दिसत नाही. घाई करू नका. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात करण्यासारखं फक्त एकच काम आहे: श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय, हे जाणत राहायचं. तो लांब करायचा नाही, खोल करायचा नाही. जसा आहे तसा.

आता हळूहळू खांब दिसू लागतील. मागे गाभारा, त्याच्या अलीकडे अंतराळ, म्हणजे मधलं छोटं दालन. तिथल्या भिंतीवर ते चित्र आहे. भगवे वस्त्र पांघरलेले, हाती भिक्षापात्र घेतलेले बुद्ध. समोर दारात एक स्त्री आणि तिच्यापुढे एक लहान मुलगा. ही यशोधरा, हा राहुल. घर सोडून गेलेला नवरा, न पाहिलेला बाप, बऱ्याच वर्षांनी कपिलवस्तूला आला आहे, आणि दाराशी उभा आहे तो भिक्षेसाठी.

चित्रकारानं बुद्धांना त्या दोघांच्या कितीतरी पट मोठं काढलं आहे. जाणकार त्याचा अर्थ आध्यात्मिक उंची असा लावतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात त्या मुलाची नजरही दिसते. सहा-सात वर्षांच्या पोराला बाप एवढाच मोठा दिसतो. आई आणि मूल दोघंही मान वर करून पाहताहेत. आईचा हात मुलाच्या मागे आहे. त्या हाताकडे जरा वेळ पाहा. तो मुलाला पुढे ढकलतोय की धरून ठेवतोय? मला वाटतं, दोन्ही.

इथे थांबा. एक श्वास, मग दुसरा.

आता आपल्या माणसांपैकी एकाला मनासमोर आणा. फार गुंतागुंतीचं नातं नको. रोजच्या उठबशीतलं कुणीतरी. आई, नवरा, बायको, भाऊ, लेक, सून. त्या माणसाला कुठलीही तक्रार न जोडता, कुठलंही काम न सांगता नुसतं पाहा. काही क्षणांतच मन काहीतरी मागू लागेल. यानं फोन करायला हवा होता. हिनं समजून घ्यायला हवं होतं. मागणी वर आली की तिला दटावू नका, तिच्यामागे जाऊही नका. मागणी आली, एवढी नोंद घ्या आणि पुन्हा चेहऱ्याकडे या.

राहुलही मागायलाच आला होता. विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, कथा अशी आहे की आईनं त्याला सांगितलं, ते तुझे वडील, त्यांच्याकडे जाऊन वारसा माग. मुलगा जवळ गेला आणि आधी म्हणाला की तुमच्या सावलीत सुख वाटतं. मग बुद्ध निघाले तसा तो मागोमाग चालत वारसा मागत राहिला. बुद्धांनी आपला शिष्य सारिपुत्त याला सांगून त्याला संघात घेतलं.

पुष्कळ लोक कथा इथेच संपवतात. मला मात्र तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आजोबा शुद्धोदन बुद्धांकडे आले. मुलगा गेला, धाकटा नंद गेला, आता नातूही गेला. लेकराची माया कातडी भेदते, मांस भेदते आणि पार हाडाच्या मगजापर्यंत जाते, असं त्यांनी सांगितलं, आणि यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कुठल्याच मुलाला दीक्षा देऊ नये अशी विनंती केली. बुद्धांनी ती ऐकली आणि तसा नियम केला. वैराग्याची शिकवण देणाऱ्यानं एका म्हाताऱ्याच्या कळवळ्यापुढे आपल्या संघाचा नियम बदलला. अनासक्ती म्हणजे कोरडेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग मनाशी धरावा.

या लेण्याच्या ओसरीत एक शिलालेखही आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, इथल्या एका स्थानिक राजानं हे लेणं कोरवलं. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला. अनित्यतेनं भावावर घाला घातला, असं लेखात म्हटलं आहे, आणि त्या दुःखातून दानधर्माकडे वळलेल्या थोरल्याचं वर्णन आहे. कोरवणाऱ्या राजाचं नाव मात्र दगडावरून झिजून गेलंय. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. धाकट्याचं नाव अजून वाचता येतं. भाऊ गमावलेल्या माणसाच्या लेण्यात बापाकडे वारसा मागणाऱ्या मुलाचं चित्र असावं, हे मला फार जवळचं वाटतं. भिक्षू या भिंतींच्या आतल्या खोल्यांत राहायचे, निजायचे. संसार सोडलेल्यांच्या सभोवार संसारच रंगवलेला होता: राजवाडे, निरोप, रडणारी माणसं, हत्ती, मुलं.

आता डोळे मिटले तरी चालतील.

राहुलला वारसा मिळाला का? मिळाला, आणि तो मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात लिहिलेला आहे. त्याला केलेल्या उपदेशाची दोन सुत्तं तिथे पाठोपाठ येतात. पहिल्यात बुद्ध पाय धुवायच्या भांड्यात थोडंसं पाणी उरवतात आणि मुलाला दाखवतात. जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंच. मग ते पाणी ओतून टाकतात, भांडं पालथं करतात, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवतात. लहान मुलाला शिकवायची ही रीत बघा, हाताशी असलेल्या भांड्यातून. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, मुलगा म्हणतो. तसंच शरीरानं, वाणीनं, मनानं जे करशील ते करण्याआधी पाहा, करताना पाहा, केल्यावर पाहा: यातून मला किंवा दुसऱ्याला इजा होते का? सम्राट अशोकानं राजस्थानातल्या बैराटच्या लेखात भिक्षूंनी आणि गृहस्थांनी वारंवार ऐकावेत असे जे उपदेश नावानिशी सांगितले, त्यात राहुलला खोट्याविषयी केलेला उपदेश आहे.

असं पाहणं आज सजगता म्हणून शिकवलं जातं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला रुग्णालयात सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि माइंडफुलनेस हा शब्द पुढे घरोघरी पोचला. त्यानं कितीतरी दुखणाइतांना आधार मिळाला. पण एकट्यानं बसून मन शांत करणं एवढ्यावरच आपण थांबलो, तर राहुलच्या वारशाचा अर्धा भाग हातचा जाईल. त्या आरशात दुसरा माणूस आहेच.

करून पाहूया. मघाशी जो चेहरा समोर आणला, त्याच माणसाला आज किंवा काल बोललेलं एक वाक्य आठवा. साधंच घ्या. कापसाच्या वेचणीहून थकून आलेल्या बाईला कुणी उंबऱ्यातच विचारावं, एवढा उशीर? तसलं एखादं. ते वाक्य बोलण्याआधी छातीत काय होतं? काळजी, भूक, की दिवसभराचा दुसऱ्याच कुणावरचा राग? बोलताना आवाज कुठून आला, गळ्यातून की दातांतून? बोलून झाल्यावर समोरच्या चेहऱ्यावर काय हाललं? तुम्ही ते पाहिलंत का, की नजर तोवर दुसरीकडे गेली होती?

उत्तर लगेच येणार नाही. श्वासापाशी बसून राहा.

दुसऱ्या सुत्तात वडील मुलाला पृथ्वीसारखं व्हायला सांगतात, जिच्यावर चांगलं-वाईट काहीही टाकलं तरी ती किळस करत नाही. मग मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (समभाव) यांचा अभ्यास सांगतात, आणि शेवटी आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाची जाण. याच चार भावना पतंजलींच्या योगसूत्रांतही आहेत, आणि तिथे कुणाशी कोणती ठेवायची तेही आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाशी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. घरात सगळ्यांत अवघड पहिली आणि तिसरी. दुःखात आपण धावून जातो. जावेच्या मुलाला नोकरी लागली, भावाचं शेत चांगलं पिकलं, त्या वेळी मन सैल ठेवणं जड जातं. तिथे श्वास अडकतो का, ते पाहा. अडकला तर तेवढंच कळू द्या.

आता पुन्हा त्या वाक्याकडे या. त्यातून इजा झाली असं दिसलं, तर राहुलला सांगितलेला मार्ग सरळ आहे: ते लपवायचं नाही, जाणत्या माणसापाशी उघड करायचं आणि पुढे जपायचं. घरात त्यासाठी त्याच माणसाजवळ जाऊन बसता येतं. मी तसं बोलायला नको होतं, इतकं पुरे. कारणं जोडू नका. आणि पाहिल्यावर असं दिसलं की आपल्या बोलण्यानं कुणाला काही टोचलं नाही, तर त्या आनंदात राहा, रात्रंदिवस, असंही बाप मुलाला सांगतो. आनंद घ्यायची अशी स्पष्ट परवानगी आपण स्वतःला क्वचितच देतो. आजच्या दिवसात तसं एखादं वाक्य तुमच्याही तोंडून निघालेलं असेल. चहा घेतोस का, एवढंही असेल. ते शोधा, आणि उठायच्या आधी थोडा वेळ त्याच्यापाशी थांबा.